कोल्हापुरात राजारामपुरीत फ्लॅट: मालक ३ वर्षांचा करार म्हणतोय, सही करावी का?

भाडं ९,०००, डिपॉझिट ३०,०००. नोकरीचा नेम नाही, वर्षात बदली होऊ शकते. ११ महिन्यांचा आग्रह धरू का?

उत्तर १: भावा, ३ वर्षांना घाबरू नकोस, लॉक-इन (ज्या काळात करार मधेच सोडता येत नाही तो) बघ. मसुद्यात लॉक-इन ६ महिने आणि त्यानंतर दोन्ही बाजूंना १ महिन्याची नोटीस, एवढं घालून घे. लॉक-इन ३६ महिने लिहिलं असेल तर मधेच सोडताना उरलेलं भाडं मागतात, डिपॉझिट अडकतं.

उत्तर २: खर्चही बघा. ३ वर्षांचं भाडं ३,२४,००० आणि डिपॉझिटवर सालाना १० टक्के व्याज धरून ३ वर्षांचे ९,०००, बेरीज ३,३३,०००. त्यावर पाव टक्का मुद्रांक शुल्क, म्हणजे साधारण ८३३ रुपये. महापालिका हद्दीत नोंदणी फी १,०००, ती एकदाच. दर ११ महिन्यांनी नवा करार म्हणजे दर वेळी हजार. एजंटचे वेगळेच!

उत्तर ३: '११ महिन्यांना नोंदणी लागत नाही' हे महाराष्ट्रात खोटं. १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याचं कलम ५५ वाचा. नोंदणीची जबाबदारी मालकाची. आणि डिपॉझिट 'चावी दिल्याच्या दिवशी परत' असंच लिहून घ्या. नुसतं 'नंतर' नको. रंगाचे पैसे कापणार असतील तर आकडा आत्ताच.