सल्ला हवा: बोअरला पाणी लागलं आणि मी वादात हरलो

तापीकाठचा

नमस्कार मंडळी. धागा जरा लांब आहे, चहा घेऊन बसा.

चोपडा तालुक्यात आमची केळी आहे. जुना बोअर मार्चात आटला, नवा मारायचं ठरलं. आमचे नाना (वडिलांचे थोरले भाऊ, वय ७४, गळ्यात माळ, वारी चुकवत नाहीत) यांनी नेहमीप्रमाणे पाणी पाहणाऱ्याला बोलावलं. त्याने तळहातावर नारळ आडवा ठेवून बांधाबांधाने चकरा मारल्या. एका जागी नारळ उभा राहिला, तिथे चुन्याची फुली. मी कृषी पदवीधर. आधी भूजलवाल्यांकडून तपासून घेऊ म्हणालो, कुणी ऐकलं नाही, तेव्हा जोशात "इथे पाणी लागलं तर मिशी काढीन" असंही बोलून गेलो. ३८० फुटांवर पाणी लागलं. मिशी गेली.

तेव्हापासून रोज संध्याकाळी ओट्यावर माझी हजेरी घेतली जाते. "पानी लागनं ना? मंग तुन्हं सायन्स कोठे व्हतं?" इथून सुरुवात होते आणि नाना कुठच्या कुठे जातात. डोळ्याला दिसतं तेवढंच खरं, तर तुझ्या पणज्याचा बाप होऊन गेला हे तू कशावरून मानतोस? तुझ्या विज्ञानाला मोजता येतं तिथपर्यंत त्याची शीव, त्यापुढे संतांना विचारावं. आणि तुम्ही लोक दर दहा वर्षांनी मत फिरवता, आधी डालडा चांगला, मग डालडा वाईट. चुलत भाऊ हायस्कूलला विज्ञान शिकवतो. तो "सिद्ध करा नाहीतर सोडा" एवढंच म्हणतो. त्यावरून नाना दोन दिवस पंगतीला बसले नाहीत.

मला नानांना हरवायचं नाही. (खोटं. थोडं हरवायचं आहे.) पण खरी अडचण अशी की अनुभवाने कळतं त्याची हद्द कुठे संपते आणि तिच्यापलीकडचं कुणाचं ऐकायचं, याचं उत्तर आता माझ्याकडेच नाही. मराठीत काय वाचू? कुठे जाऊ? नानांना मोठ्याने वाचून दाखवता येईल असं काही सुचवा. आणि कृपया धाग्याचं काश्मीर (न संपणारं भांडण) करू नका.

केळीवाली_रावेर

मिशीविना फोटो टाका. सल्ला नंतर.

काळाखडक

मी पारोळ्याकडचा. अकरा वर्षं बोअरच्या गाडीवर आहे, त्यामुळे तत्त्वज्ञान सोडून बोलतो.

भाऊ, तुमचा चोपडा-यावल-रावेर पट्टा तापीच्या गाळाचा. वाळू, चिकणमाती, गोटे यांचे थरावर थर. खोल जायची तयारी आणि खिशात पैसे असले तर तिथे बहुतेक जागी पाणी लागतंच. किती फुटांवर लागेल आणि किती उन्हाळे टिकेल, एवढाच प्रश्न. चुन्याच्या फुलीपासून पन्नास पावलं सरकून मारला असता तरी बहुधा लागलं असतं. तो पन्नास पावलांवरचा बोअर कुणी मारून बघत नाही, हेच नारळवाल्याचं भांडवल.

त्याला आमच्याकडे पाठवा. खाली काळा पाषाण, पाणी फक्त भेगांत. मागच्या उन्हाळ्यात एकाने माझ्यासमोर तीन जागा दाखवल्या. दोन फेल, तिसरीत नुसती ओल. विचारलं तर म्हणे, शेतातून बाई विटाळशी गेली असेल. लागलं की नारळ खरा, नाही लागलं की बाई खोटी. माझं मीटर दोन्हीकडे फुटावर फिरतं, म्हणून मी गिऱ्हाइकासमोर तोंड उघडत नाही. इथे नाव नाही म्हणून लिहिलं.

अर्धवट_नैयायिक

अमळनेरहून. आधी वाचायचं सांगतो, मग नानांची बाजू घेतो.

विज्ञानाचा तत्त्वज्ञ पॉपर याच्यापासून सुरुवात करू नका. सगळे तेच सांगतील (१९३४, जो दावा खोटा ठरू शकतो तोच वैज्ञानिक, वगैरे). चार्वाकापासून करा. चार्वाक प्रत्यक्ष सोडून काही मानत नाही. धूर दिसला म्हणजे आग असणारच, असं तुम्ही म्हणालात की तो विचारतो: जिथे जिथे धूर तिथे तिथे आग, ही व्याप्ती तुम्ही कधी तपासली? मागचे सगळे धूर पाहिलेत? पुढचे पाहणार आहात? स्कॉटलंडच्या ह्यूम या तत्त्वज्ञाने अठराव्या शतकात जवळजवळ हाच काटा युरोपच्या पायात घातला. म्हणजे हद्दीचा प्रश्न काही नानांनी काढलेला नाही, आपल्याकडे तो सगळ्यात जोरात मांडला तो नास्तिकांनी. हे नानांना आवडणार नाही. तुमच्या चुलत भावालाही आवडणार नाही, कारण दिसेल तेवढंच मानायचं म्हटलं तर आधी विज्ञान बुडतं, देवाचा नंबर नंतर लागतो.

पुढे पुरंदर नावाच्या चार्वाकाने तडजोड केली. व्यवहारातलं, पडताळून पाहता येणारं अनुमान चालेल, परलोकाचं चालणार नाही. तुमचं कृषिशास्त्र या पुरंदराच्याच ओट्यावर बसलेलं आहे. एक सावधगिरी: चार्वाकांचे मूळ ग्रंथ जवळजवळ गेलेच. जे कळतं ते बहुतेक विरोधकांनी खोडून काढण्यासाठी उद्धृत केलेलं. शेजाऱ्याकडून एखाद्याची चौकशी करावी तसं वाचायचं.

दुसरं न्यायदर्शन. प्रमाणं, म्हणजे खरं ज्ञान मिळवायची साधनं, चार: प्रत्यक्ष, अनुमान, उपमान (सारखेपणावरून ओळखणं) आणि शब्द (भरवशाच्या माणसाचं सांगणं). तुमच्या घरातलं भांडण शब्दावर चाललंय आणि तुम्ही दोघंही ते प्रत्यक्षावर आहे असं धरून बसला आहात. नाना संतांचं ऐकतात. बरं, तुम्ही? केळीवरचा मोझॅक रोग विषाणूमुळे होतो असं तुम्ही सांगता. विषाणू पाहिलाय? पुस्तकात वाचलं, सरांनी सांगितलं. तोही शब्दच. न्यायसूत्रांवरच्या वात्स्यायनाच्या भाष्यात आप्त, म्हणजे ज्याचा शब्द धरावा असा माणूस, कोण ते सांगितलंय: ज्याला ती गोष्ट साक्षात कळलेली आहे आणि कळली तशी सांगायची ज्याची इच्छा आहे तो. तो ऋषी असेल, आर्य असेल नाहीतर म्लेच्छ, लक्षण एकच. तेव्हा "विज्ञान का धर्म" हे भांडण बाजूला ठेवा आणि एकमेकांना एवढंच विचारा: हा माणूस या बाबतीत आप्त आहे हे तू कसं तपासलंस? विषाणूच्या बाबतीत तुमच्याकडे उत्तर आहे. तुम्ही नाही पाहिला, पण पाहायची वाट उघडी आहे आणि तिच्यावरून वाटेल तो जाऊ शकतो.

आता नानांची चाल. ती तुम्ही समजता त्यापेक्षा जुनी आणि चांगली आहे. वेद प्रमाण का, याला न्यायसूत्रांत उत्तर असं: मंत्र आणि आयुर्वेद यांचा पडताळा येतो, सांगणारे आप्त तेच, म्हणून न दिसणाऱ्या गोष्टींतही त्यांचा शब्द धरावा. नाना नारळावरून संतांकडे गेले ते याच पाऊलवाटेने. ही वाट तुटते कुठे? दोन्हीकडे सांगणारा एकच हवा. नानांना विचारा, पाणी पाहणाऱ्याला पाणी कळतं म्हणून तो सांगेल तो अभंगाचा अर्थ मानाल का? ते नाहीच म्हणणार. मग नारळाच्या यशाचं श्रेय तुकोबांच्या खात्यावर कसं जमा होतं?

जायचं म्हणाल तर अमळनेरला या. इथलं तत्त्वज्ञान मंदिर १९१६ पासूनचं. कापड गिरणीच्या पैशातून प्रतापशेठनी वेदान्ताचा अभ्यास करणाऱ्यांसाठी उभं केलं. कृष्णचंद्र भट्टाचार्यांसारखा तत्त्वज्ञ इथे संचालक होता, मलकानी इथून तत्त्वज्ञानाचं त्रैमासिक चालवायचे, साने गुरुजी आधी इथे आले आणि मग प्रताप हायस्कूलला मास्तर झाले. येण्याआधी चौकशी करा. नानांना सखाराम महाराजांच्या वाडीत दर्शन होईल, एका फेरीत दोघांचं काम.

पिंपळनेरी

वरच्याला +१. वाखु (वाचनखूण) साठवली.

वाचून दाखवायला मराठी विश्वकोश घ्या, फुकट आहे, मोबाईलवर उघडतो. प्रमाण, चार्वाक, न्यायदर्शन या नोंदी ओट्यावर वाचण्यासारख्या. खोलात जायचं तर वाडेकरांचा तीन खंडांचा मराठी तत्त्वज्ञान महाकोश, १९७४चा, मोठ्या ग्रंथालयात शोधा. विश्वकोशाचे पहिले प्रमुख संपादक तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी आमच्या पिंपळनेरचे, जन्म १९०१. वाईच्या पाठशाळेत वेदशास्त्र शिकलेला माणूस पुढे बुद्धिवादी झाला, पण शास्त्र सोडून नाही. नानांना हे आवर्जून सांगा. टीका करणाऱ्याला मूळ ग्रंथ तोंडपाठ आहे म्हटलं की आमच्या घरचे म्हातारे निदान ऐकून घेतात.

तापीकाठचा

@अर्धवट_नैयायिक, दंडवत. तुकोबांचा प्रश्न काल टाकला. नाना बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, नारळवाला सोड, पण नारळ खोटा हे तू तरी कुठे तपासलंस? बरोबर आहे. मी कुठे तपासलंय?

जुना_वाचक

हे तपासून झालंय, सांगतो. १९८७-८८ साली जर्मनीत म्युनिकजवळ एका कोठारात मोठा प्रयोग झाला. खालच्या मजल्यावर पाण्याचा पाइप गाड्यावर ठेवून कुठेही सरकवायचा, वरच्या मजल्यावर पाणी पाहणाऱ्याने जागा सांगायची. सुमारे ५०० जणांतून चांगले वाटले ते ४३ निवडले, ८४३ वेळा चाचणी झाली. प्रयोग करणारे म्हणाले, बहुतेकांना जमत नाही, पण मोजक्या काहींना खरंच कळतं. १९९९ मध्ये एन्राइट नावाच्या शास्त्रज्ञाने तेच आकडे घेऊन दाखवलं की हे मोजके काही म्हणजे योगायोग. इतक्या जणांनी इतक्यांदा अंदाज मारले की कुणाचे तरी जुळणारच, आणि एका वेळी जुळलेला पुढच्या वेळी चुकतो.

सांगायचं कारण, तुमच्या चुलत भावाला वाटतं सिद्ध करा म्हटलं की वाद संपतो. आकडे एक, निष्कर्ष दोन. तो संपायला आणखी दहा वर्षं आणि एक चिवट माणूस लागला.

चाळीसगावकर

नानांना पाटणादेवीला न्या. देवीच्या दर्शनाला म्हणून न्या, नाही म्हणणार नाहीत.

पाटणच्या देवळातला शिलालेख इ.स. १२०७चा. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांचे ग्रंथ शिकवायला इथे मठ काढला, त्याला दिलेल्या दानाची नोंद त्यात आहे. गणिताच्या पाठशाळेची सनद देवळात, आणि त्याचं कुणालाच काही वाटलं नाही.

भास्कराचार्यांचा एक युक्तिवाद नानांना जरूर सांगा. पृथ्वी कुणीतरी उचलून धरली आहे म्हणता, तर त्या उचलणाऱ्याला कुणी धरलं? त्याला आणखी कुणी? शेवटी कुठेतरी "हा स्वतःच्या बळावर आहे" म्हणावंच लागणार. मग ते पृथ्वीबद्दलच का म्हणू नये? १११४ चा जन्म, ऐन छत्तिशीतला ग्रंथ. पण हाच माणूस ग्रहणाकडे आला की पृथ्वीच्या सावलीचं गणित चोख मांडतो आणि शेवटी राहूलाही देवाच्या वराने त्या सावलीत बसवून देतो, म्हणजे शास्त्रवचनाशी विरोध नको. मला हे वाचून पहिल्यांदा राग आला होता. आता वाटतं, त्यांच्याही घरी कुणीतरी नाना असणार.

अवांतर: वराहमिहिराच्या बृहत्संहितेत जमिनीतलं पाणी शोधायचा अख्खा अध्याय आहे. वारुळं, जांभूळ, उंबर, कोणत्या झाडापासून किती हातांवर खणायचं. त्यात बरोबर किती, चूक किती हे शेतात जाऊन बघता येतं. परंपरा म्हणजे नुसता नारळ नव्हे.

सातपुडाताई

नंदुरबार जिल्ह्यात पाड्यावर शिक्षिका आहे. चर्चा छान चालली आहे, पण एक सांगते आणि जाते. ओट्यावर "विज्ञानाला सगळं कळत नाही" हे वाक्य गोड लागतं. आमच्याकडे तेच वाक्य लहान मूल तापाने गेल्यावर ऐकू येतं, आणि त्यानंतर एखाद्या विधवेच्या दाराकडे बोट जातं: डाकीण. २०१३ पासून जादूटोणाविरोधी कायदा आहे, तरी बोट जातंच. विज्ञानाला सगळं कळत नाही हे खरंच. पण मूल कशाने गेलं हे बहुतेक वेळा कळतं, आणि शेजारणीने खाल्लं नाही एवढं तर नक्कीच कळतं. हद्दीपलीकडे काय आहे यावर नानांशी खुशाल भांडा, आधी हद्दीच्या अलीकडचं कुणी पलीकडे ढकलत नाही ना तेवढं बघा.

तापीकाठचा

ताई, तुमचा प्रतिसाद नानांना वाचून दाखवला. काही बोलले नाहीत. चहा तसाच ठेवून उठून गेले. मला वाटलं रुसले, तर रात्री स्वतःच आले: बोलाव त्या नारळवाल्याला, आपण बघू.

ठरलं असं. आठ ड्रम ताडपत्रीखाली, एकातच पाणी, कुठल्यात हे आत असलेल्या कुणालाच माहीत नाही. तीन फेऱ्या. नाना म्हणाले, कितीदा बरोबर आलं म्हणजे तू मानशील ते आधी कागदावर लिही, नंतर नशिबाने आलं म्हणशील. मी हिशेब केला, तिन्ही वेळा नुसत्या नशिबाने जुळायची शक्यता ५१२ त एक. लिहिलं: तिन्ही बरोबर तर मानेन. नानांनी कागद हातात घेतला. काय मानशील, नारळ का देव? मी 'नारळ' लिहिलं. त्यांनी वाचून घडी घातली, खिशात ठेवली. "मंग ठीक शे. देवले डरममा कसाले घालस?"

चुलत भावाला अजून सांगितलेलं नाही. आठ सारखे ड्रम कुणाकडे आहेत का? आमच्याकडे दोनच, आणि एक गळका.

काळाखडक

सहा आहेत. डिझेलचा वास येतो, नारळाला चालेल का विचारून घ्या. रविवारी चोपड्याकडे गाडी येणारच आहे, टाकून आणतो.

केळीवाली_रावेर

मिशी पुन्हा पैजेवर लावलीय का?