जाब विचारला की नम्रता गेली? (कॅथलिक मठांतल्या आणि संघांतल्या व्रतस्थ जीवनाबद्दल)

काठावरचा
परवा एका व्रतग्रहणाच्या मिस्सेत (चर्चमधल्या उपासनेत) प्रवचन ऐकलं. "नम्र माणूस जाब विचारत नाही," फादर म्हणाले. ते वाक्य तेव्हापासून खुपतंय.

संत बेनेडिक्ट यांच्या सहाव्या शतकातल्या मठांसाठीच्या नियमावलीत नम्रतेच्या १२ पायऱ्या आहेत. सातवं प्रकरण. त्या सगळ्यांना पाठ. पण त्याच्या आधी, दुसऱ्या प्रकरणात, मठाधिपतीला बजावलंय की सोपवलेल्या प्रत्येक आत्म्याचा हिशेब तुला न्यायाच्या दिवशी द्यायचाय. तिसऱ्यात तर म्हटलंय, महत्त्वाचं काही ठरवायचं असेल तर सगळ्या मठाला बोलाव, कारण जे भल्याचं ते देव पुष्कळदा धाकट्याला सुचवतो. ही दोन प्रकरणं प्रवचनात ऐकलीत कुणी? मला तरी वाटतं, नम्रतेचा पाठ नेहमी खालच्यांनाच दिला जातो.

जुनी_जपमाळ
तिसरं प्रकरण अर्धंच सांगितलंत. सल्ला सगळ्यांचा, निर्णय मात्र मठाधिपतीचा. आणि मठातल्या भावांनी मत नम्रपणे मांडावं, हट्टाने नाही, हेही तिथेच लिहिलंय. आज्ञापालनाचं व्रत कुणी जबरदस्तीने घ्यायला लावत नाही. रोज उठून वरिष्ठांना जाब विचारायचा तर मठ कशाला, भागधारकांची सभाच भरवा!

उंबरठा
मी नऊ वर्षं सिस्टर होते. एकदा विचारलं, अमुक देणगी कुठे खर्च झाली? मदर, म्हणजे आमच्या वरिष्ठ, हसल्या. म्हणाल्या, "तुमच्यातला 'मी' अजून मेला नाही." मग बोलावून घेतलं आणि मनात आणखी काय काय आहे ते सांगायला लावलं. मी भाबडी, सगळं सांगितलं. अखेरची, म्हणजे कायमची, व्रतं एक वर्ष पुढे गेली. कारण: नम्रता कमी.

पैसे खाल्ले असं मी म्हणत नाही. बहुतेक नसतीलच खाल्ले. पण हिशेब मला आजतागायत कळलेला नाही.

जुनी_जपमाळ
वाईट वाटलं वाचून, खरंच. पण एक मदर चुकली म्हणून रीतच वाईट कशी?

काठावरचा
कधीकधी रीतच वाईट असते. लीजन ऑफ क्राइस्ट या कॅथलिक धर्मगुरूंच्या संघात एक खासगी व्रतच होतं: वरिष्ठांवर टीका करायची नाही, आणि कुणी केली तर वर कळवायचं. संस्थापक मार्सियाल मासिएल यांच्यावर लैंगिक अत्याचाराचे आरोप वर्षानुवर्षं होत होते. २००६मध्ये व्हॅटिकनने त्यांना सार्वजनिक सेवेतून बाजूला केलं, ते व्रत २००७मध्ये रद्द झालं. एवढी वर्षं ते 'नम्रता' म्हणूनच पाळलं जात होतं की!

तेलाचा_दिवा
मी अजून व्रतात आहे, वीस वर्षं होऊन गेली. दोन्ही बाजूंशी थोडं भांडायचंय.

आधी उंबरठाताई, तुमच्याकडून मन उघडून घेतलं गेलं ते नियमातच बसत नाही. चर्चच्या कायद्यातला कॅनन (नियम) ६३०, कलम ५: वरिष्ठाने हाताखालच्यांना कुठल्याही प्रकारे तसं करायला लावायचं नाही. आपणहून सांगितलं तर गोष्ट वेगळी. हे तुम्हाला उमेदवारीतच कुणीतरी शिकवायला हवं होतं.

आता काठावरचे. तुम्हाला जाब देण्यावर फार भरवसा दिसतो. पूर्वी भावंडांसमोर गुडघे टेकून नियमभंग सांगायचा रिवाज होता. मौन मोडलं, ताटली फोडली, उशिरा उठलो. ऐकलेल्या वडीलधाऱ्यांकडून कळतं की बरेच जण ठरावीक तीनच चुका दर वेळी सांगत! आज मूल्यमापनाचे फॉर्म आहेत, आणि आम्ही तेही तितक्याच सराईतपणे भरतो. अत्याचाराची तक्रार कळवणं २०१९पासून धर्मगुरू आणि व्रतस्थांना बंधनकारक झालंय, ते हवंच होतं, त्यावर वादच नको. पण बाकी रोजच्या जगण्यातला माज कागदाला सापडत नाही.

मला उपयोग झालेला दिसला तो वरिष्ठपदाला मुदत असण्याचा. सहा वर्षं वरिष्ठ होतो. ज्याच्यावर डाफरायचो त्याच्याच हाताखाली मग भांडी घासली. संत फ्रान्सिस असिसीकरांनी तर १२२०मध्ये स्वतःच्याच संघाची सूत्रं सोडली आणि आपल्या जागी आलेल्या भावाला आज्ञापालनाचं वचन दिलं. संस्थापकाने!

उंबरठा
कॅनन ६३० मला आज कळतंय. नऊ वर्षांत नाही.

जुनी_जपमाळ
मुदतीचं पटलं. तरी माझा मुद्दा उरतोच. जाब विचारायचा तर तोंडावर, एकांतात विचारा. बायबलमध्ये प्रेषित पौलाने अंत्युखिया शहरात प्रेषित पेत्राला तोंडावर सुनावलं, चव्हाट्यावर नेलं नाही.

काठावरचा
पौलाचंच गलतीकरांस पत्र, २:१४ बघा. "सर्वांसमोर" लिहिलंय.

जुनी_जपमाळ
बघितलं. चुकले. पण पेत्राने त्यावर काय उत्तर दिलं, ते मात्र पौल लिहीत नाही.