आर्थिक निर्बंध: समोरचा झुकतो, की फक्त पिचतो?

(पाच जणांची चर्चा. प्रत्येक मजकुराच्या वर लिहिणाऱ्याचं टोपणनाव आहे.)

उलटतपासणी

फौज पाठवायची नाही आणि गप्पही बसायचं नाही, अशा पेचात सरकारं निर्बंधांकडे वळतात. माझी बाजू अशी: मोठ्या राजकीय मागणीसाठी लादलेले व्यापक निर्बंध बहुतेक वेळा फसतात आणि फसल्यावरही उठत नाहीत.

आधी आकडे. हफबॉवर, शॉट आणि एलियट या अभ्यासकांनी निर्बंधांची १९१४ ते १९९० मधली ११५ प्रकरणं तपासून ४० यशस्वी ठरवली. म्हणजे साधारण ३४ टक्के. १९९७ मध्ये राज्यशास्त्रज्ञ रॉबर्ट पेप यांनी तीच ४० पुन्हा उघडली. १८ ठिकाणी निकाल लष्करी बळाने लागला होता, ८ ठिकाणी समोरचा झुकलाच नव्हता, ६ प्रकरणं मुळात आर्थिक निर्बंधांची नव्हती आणि ३ बद्दल ठाम काही म्हणता येईना. उरली ५!

आता इराक. संयुक्त राष्ट्र सुरक्षा परिषदेच्या ऑगस्ट १९९० च्या ठराव ६६१ चा हेतू सद्दामला कुवेतमधून काढण्याचा. ते काम फेब्रुवारी १९९१ मध्ये फौजांनी केलं, निर्बंध मात्र २००३ पर्यंत राहिले. मधल्या काळात दिनार कोसळला आणि सरकारने घरोघर शिधा वाटायला सुरुवात केली. ज्याच्या रेशनवर चूल पेटते त्याच्याविरुद्ध कोण उठणार? सत्ता खिळखिळी व्हायच्या ऐवजी तिची पकड आवळली. पुढे संयुक्त राष्ट्रांची 'तेलाच्या बदल्यात अन्न' योजना आली, तर सद्दाम सरकारने त्यातही कंत्राटदारांकडून वरकमाई सुरू केली. त्या योजनेची चौकशी करणाऱ्या २००५ च्या व्होल्कर अहवालाने ही बेकायदा कमाई सुमारे १.८ अब्ज डॉलर धरली. (आपल्याकडे नटवर सिंह यांचं परराष्ट्र मंत्रिपद याच अहवालामुळे गेलं.)

ताळेबंद

पेप यांची छाननी चोख आहे, पण तिच्यात आणि मूळ यादीतही एक भोक आहे. दोघं मोजतात ते प्रत्यक्ष *लादलेले* निर्बंध. नुसत्या धमकीने ज्यांनी माघार घेतली ते यादीत येतच नाहीत. राज्यशास्त्रज्ञ डॅनियल ड्रेझनर यांनी २००३ मध्ये नेमकं यावर बोट ठेवलं: जे धमकीला बधले नाहीत, तेच लादण्यापर्यंत पोचतात. म्हणजे नमुन्यात सगळे हट्टी. फक्त अतिदक्षता विभागातले रुग्ण मोजून औषधाची परीक्षा घेतल्यासारखं झालं हे.

दुसरं, मागणी केवढी होती हे न बघता यशाची टक्केवारी काढण्यात अर्थ नाही. हफबॉवर मंडळींच्या नंतरच्या, २००७ च्या मोजणीत छोट्या, नेमक्या मागण्यांची जवळपास निम्मी प्रकरणं यशस्वी आहेत. लष्करी मोहीम थांबवण्यासाठीची पाचातलं एक. लिबिया घ्या. लॉकरबी विमानस्फोटातले दोन संशयित सोपवा, ही मागणी स्पष्ट होती आणि सोपवल्यावर काय मिळेल तेही लिहून ठेवलेलं होतं. एप्रिल १९९९ मध्ये संशयित सोपवले गेले आणि संयुक्त राष्ट्रांचे निर्बंध लगोलग स्थगित झाले.

तिसरं, इराकची चर्चा निघाली की पाच लाख बालमृत्यूंचा आकडा आज ना उद्या इथे येणारच, म्हणून आधीच लिहितो. तो १९९९ च्या, इराक सरकारच्या मदतीने झालेल्या सर्वेक्षणावरून काढलेला. २००३ नंतरच्या एकाही मोठ्या पाहणीत तशी उसळी दिसली नाही. २०१७ मध्ये डायसन आणि चेटोरेली यांनी ती आकडेवारी बनावट होती असं मांडलं. हाल झाले, यात वाद नाही. तो आकडा मात्र वापरू नका.

उलटतपासणी

आकड्याबद्दल मान्य, म्हणून तर तो मी वापरला नव्हता. पण ड्रेझनर यांचा मुद्दा तुमच्यावरच उलटतो. समोरचा हट्टी आहे हे धमकी फसल्यावर कळलंच, तर मग त्याच औषधाची मात्रा दहा वर्षं वाढवत का न्यायची?

गलबत

ग्रंथातून जरा बंदरावर या. पाश्चात्त्य देशांनी रशियन तेलावर घातलेल्या भावमर्यादेत नेमकं कुठे पाणी मुरलं ते बघा, म्हणजे 'निर्बंध' हा एकच शब्द किती वेगवेगळ्या गोष्टींना लावला जातो ते कळेल.

५ डिसेंबर २०२२ ला लागू झालेला नियम असा होता: पाश्चात्त्य विमा, जहाज किंवा दलाली हवी असेल तर कच्चं तेल बॅरलला ६० डॉलर किंवा त्याहून कमी दराने घेतलेलं असलं पाहिजे. तेल अडवायचं नव्हतं. ते वाहत राहावं आणि रशियाच्या हाती पैसा कमी पडावा, असा बेत. पकड होती विम्यात, कारण जगातल्या सागरी मालवाहू जहाजांपैकी सुमारे ९० टक्के टनेजचा दायित्व विमा (अपघात, तेलगळती यांची भरपाई देणारा) जहाजमालकांच्याच बारा परस्पर विमा क्लबांच्या एका गटाकडे आहे.

गळती तीन ठिकाणी झाली. एक, पुरावा म्हणजे साखळीतल्या प्रत्येकाने पुढच्याला दिलेलं भावाचं हमीपत्र. मूळ बीजक विमा कंपनी बघतच नाही, आणि तेलाचा भाव कमी दाखवून फरक वाहतूक खर्चात घुसवणं अवघड नाही. दोन, रशियाने वापरलेल्या टँकरांचा वेगळा ताफा जमवला: वय पंधरा-वीस वर्षं, मालक कागदी कंपनी, झेंडा दर काही महिन्यांनी नवा. ठावठिकाणा सांगणारं यंत्र बंद करून भर समुद्रात एका जहाजातून दुसऱ्यात तेल उपसायचं. ग्रीसजवळचा लॅकोनियाचा आखात त्यासाठी बदनाम झाला. या ताफ्याला पाश्चात्त्य विमा लागतच नाही, म्हणजे पकडच सुटली. तीन, शुद्धीकरण. रशियन कच्चं तेल आपल्याकडे डिझेल होऊन युरोपला गेलं की कागदोपत्री ते भारतीय. युक्रेन युद्धाआधी आपल्या तेल आयातीत रशियन तेल दोन टक्क्यांच्या आत होतं, २०२३-२४ मध्ये ते साधारण पस्तीस टक्के झालं. ही वाट बंद करायचा निर्णय युरोपने जुलै २०२५ च्या, निर्बंधांच्या अठराव्या संचात घेतला, अंमल जानेवारी २०२६ पासून. त्याच संचात वाडीनारच्या नायरा एनर्जीचंही नाव आलं. महाराष्ट्रातल्या हायवेंवर ज्यांचे पंप दिसतात तीच.

ताळेबंद

गळती झाली, पण म्हणून भावमर्यादेचं भांडं अगदीच रिकामं झालं असं नाही. रशियाच्या केंद्रीय अर्थसंकल्पात तेल आणि वायूचं उत्पन्न २०२२ मध्ये ११.६ लाख कोटी रूबल होतं, २०२३ मध्ये ८.८.

उलटतपासणी

आणि २०२४ मध्ये पुन्हा ११.१. ते का लिहिलं नाही? शिवाय २०२३ च्या घसरणीत युरोपला जाणारा वायू आटला त्याचाही वाटा आहे. सगळं श्रेय भावमर्यादेला देऊ नका.

हरभरा

दोघांच्याही बोलण्यात एक माणूस दिसत नाही: बँकेचा अनुपालन अधिकारी, म्हणजे व्यवहार नियमांत बसतो का ते बघणारा. इराणवरच्या अमेरिकी निर्बंधांतून औषधं कायद्याने वगळलेली आहेत, तरी औषधं अडतात. कारण सूट औषधाला आहे, पैसे पोचवायला बँक तयार नसते. एका औषधाच्या बिलावर बँकेला मिळणारं कमिशन किरकोळ आणि चूक झाली तर न्यूयॉर्कमध्ये दंड अब्जावधींचा. बँक सरळ 'नको' म्हणते.

यावर तोडगा म्हणून फ्रान्स, जर्मनी आणि ब्रिटनने जानेवारी २०१९ मध्ये 'इन्स्टेक्स' काढलं. कल्पना आपल्या व्यापाऱ्यांच्या वळत्याची. जर्मन कंपनीने इराणला औषध विकलं, फ्रेंच कंपनीने इराणकडून पिस्ते घेतले. तर पिस्त्यांचे पैसे युरोपातल्या युरोपातच औषधवाल्याला द्यायचे आणि तिकडे इराणमध्येही तसंच. सीमेपलीकडे छदामही जात नाही. फसलं कुठे? वळतं करायला दोन्ही बाजूंना माल लागतो. तेल त्यात घ्यायची कुणाची छाती झाली नाही, आणि तेल वगळलं तर इराणकडून युरोपला येतं ते चिमूटभर. पहिला व्यवहार व्हायला मार्च २०२० उजाडला आणि मार्च २०२३ मध्ये दुकान बंद करायचं ठरलं.

तेव्हा 'अन्न-औषधाला सूट आहे' हे वाक्य ऐकलं की एवढंच विचारा: पैसा कुठल्या बँकेतून जाणार? डिसेंबर २०२२ च्या ठराव २६६४ ने सुरक्षा परिषदेच्या मालमत्ता गोठवणाऱ्या निर्बंधांत मानवतावादी मदतीला सरसकट सूट दिली, चांगलंच झालं. पण अमेरिकेच्या एकतर्फी निर्बंधांना तो ठराव लागू नाही.

काटेकोर

पोखरणचं उदाहरण अजून कुणी कसं काढलं नाही? मे १९९८ नंतर अमेरिकेने ग्लेन दुरुस्तीखाली (अणुचाचणी करणाऱ्या देशावर निर्बंध घालणारा त्यांचा कायदा) निर्बंध लावले, जागतिक बँकेची बरीच कर्जं अडली. ऑगस्टमध्ये स्टेट बँकेने परदेशस्थ भारतीयांना 'रिसर्जंट इंडिया' रोखे विकून ४.२ अब्ज डॉलर उभे केले. त्याआधी जुलैतच अमेरिकी काँग्रेसने शेतमालाच्या निर्यात कर्जाला सूट दिली होती, कारण पाकिस्तानची गहू खरेदी हातची जाईल म्हणून त्यांचेच शेतकरी ओरडत होते. सप्टेंबर २००१ मध्ये बहुतेक निर्बंध उठले. भारताने अणुचाचणीबंदी करारावर आजवर सही केलेली नाही.

उठले म्हणताना एक तळटीप: भाभा अणुसंशोधन केंद्र अमेरिकेच्या निर्यात-निर्बंध यादीतून बाहेर आलं ते थेट जानेवारी २०२५ मध्ये.

ताळेबंद

निर्बंध वेळेवर उठत नाहीत हा दोष खरा आहे, पण तो निर्बंधांचा की मसुदा लिहिणाऱ्यांचा? सोव्हिएत ज्यूंना देश सोडू द्या, यासाठी व्यापारसवलत रोखणारी अमेरिकेची १९७४ ची जॅक्सन-व्हॅनिक तरतूद घ्या. मागणी सोव्हिएत संघाबरोबरच निकालात निघाली, तरतूद रशियाला २०१२ पर्यंत लागू होती, कारण ती काढायला काँग्रेसमध्ये मतदान लागत होतं. उलट युरोपचे रशियावरचे क्षेत्रीय (बँका, ऊर्जा अशा क्षेत्रांवरचे) निर्बंध दर सहा महिन्यांनी आपोआप संपतात, पुढे न्यायचे तर सर्व सदस्यांची संमती लागते. समोरच्याला कळतं की दार कधी उघडू शकतं. प्रत्येक निर्बंधाला अशी मुदत हवी.

उलटतपासणी

ती सहा महिन्यांची मुदत रशियाला नव्हे, हंगेरीला उपयोगी पडली. दर खेपेला सही अडवायची आणि बदल्यात काहीतरी पदरात पाडून घ्यायचं. म्हणून तर डिसेंबर २०२५ मध्ये युरोपने रशियाच्या गोठवलेल्या राखीव निधीसाठी वेगळं कलम शोधून सहामाही मुदतच काढून टाकली. आता तो निधी कुठल्या अटीवर सुटेल, हे तुम्ही लिबियाइतक्या नेमक्या शब्दांत लिहून दाखवा. मग पुढे बोलू.