गोवा राहू द्या, तिथल गाठा

अमळनेरहून चौघांना तीन दिवसांत समुद्र आणि डोंगर, तेही स्वस्तात, असं विचारलंय आणि सगळे गोवाच सुचवताहेत. अहो, सुरत लाइन दारात आहे की! रात्रीच्या गाडीने सुरत, तिथून वलसाड, मग रिक्षाने तिथलचा समुद्रकिनारा. वाळू काळी आहे, फोटोतली पांढरी नाही, आधीच सांगतो. ओहोटीला पाणी इतकं मागे जातं की आमची पोरं "समुद्र कुठेय?" विचारत चिखलातच बसली होती. भरतीची वेळ बघूनच निघा.

डोंगरासाठी सापुतारा. बिलिमोरा-वघई ही ६३ किलोमीटरची नॅरोगेज, म्हणजे अरुंद रुळांची छोटी रेल्वे, चालू असेल तर तिनेच जा, सागाच्या जंगलातून रमतगमत नेते, पुढे बस. शनिवार-रविवारी खोल्यांचे भाव चढतात, म्हणून मधला वार धरा.

परतताना वणीचा गड करा, मग कळवण-सटाणा-मालेगावमार्गे धुळे. महाराष्ट्राच्या हद्दीत एसटीला बायकांना अर्धं तिकीट, तेवढीच बचत.

दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी घरूनच घ्या. गुजरातेत भाजीही गोड लागते, आपल्या जिभेला दुसऱ्याच दिवशी ठेचा आठवतो.