देव नाही, खरेदी नाही, तरी तुमच्या घरी नाताळ व्हायचा का?

कृष्णाकाठची (सांगली): काल माळा आवरताना जुना आकाशकंदील हाताला लागला. पाच कोनांचा, लाल जिलेटीनचा. आमच्याकडे तो दिवाळीनंतर उतरायचाच नाही, २५ डिसेंबरपर्यंत गॅलरीत. चर्चला कधी गेलो नाही आणि घरात देव्हाराही नव्हता, बाबा पक्के नास्तिक. पण त्या दिवशी केक ठरलेला. कुकरची शिट्टी-रिंग काढायची, तळाला चाळलेली वाळू, वर अ‍ॅल्युमिनियमचा डबा. एका वर्षी तासभर ठेवूनही मधोमध कच्चाच. बाबा म्हणाले, "खीर समजा." वाट्यांत घेऊन चमच्यानं खाल्ला. तुमच्याकडे काय असायचं? लिहा.

मिरजवाला: आई मिशन हॉस्पिटलात नर्स होती, वानलेस साहेबांनी १८९४ ला काढलेलं तेच. तिच्या मैत्रिणींकडून नाताळचा डबा यायचा. आत करंज्या, शंकरपाळी! मी सातवीपर्यंत समजत होतो दिवाळी वर्षातून दोनदा येते.

हुरडा_पार्टी: वाळू नदीची चालते का

कृष्णाकाठची: नदीचीच. आम्ही आयर्विन पुलाखालून पिशवीभर आणायचो. नीट वाळवून घ्या पण.

तासगावचा बेदाणा: आता पिशवीभर कोण देतंय. डंपरभर मिळते, तीपण रात्री 😀

टेबललँड: पाचगणीत सिल्व्हर ओकला काय तोटा. वाऱ्यानं पडलेली फांदी डालड्याच्या डब्यात, भोवती विटांचे तुकडे. त्यावर फुटक्या बांगड्या, गोळ्यांच्या रिकाम्या पाकिटांची चांदी. मांजरानं दोनदा पाडलं झाड. तिसऱ्यांदा आईनं उचललंच नाही, आडवंच ठेवलं.

हुरडा_पार्टी: आडवं झाड 😂😂

वाळव्याची सून: आमच्यात चिठ्ठ्या टाकायचे. नियम एकच, विकत काही आणायचं नाही. मला एकदा आजेसासूबाईंची चिठ्ठी निघाली, मी त्यांचे पाय चेपले आठवडाभर. त्यांनी मला काकवीची बाटली दिली. माझीच, मीच माहेरून आणलेली!
आणि हो, फडातल्या ऊसतोड मजुरांच्या कोप्यांवर स्वेटर द्यायला गेलो होतो, घरातलेच जुने, धुऊन. दिरानं हौसेनं कापसाची दाढी लावलेली. पोरं बुवा आला म्हणून रडत उसात पळाली. दाढी खिशात घातली तेव्हा आली. एकीनं स्वेटर घातला नाही, धाकट्या भावाला गुंडाळला. नीट बसला नाही म्हणून बाह्यांची गाठ मारली पुढं.

मिरजवाला: आजेसासूबाई भारी आहेत वहिनी.

वाळव्याची सून: होत्या. मागच्या श्रावणात गेल्या.

मिरजवाला: अरेरे. सॉरी.

कऱ्हाडी: यंदा कारखान्याचं उसाचं पहिलं बिल जमा झालं का कुणाचं?

तासगावचा बेदाणा: दादा, धागा नाताळचा आहे.

कऱ्हाडी: बिल आलं तर नाताळ करीन की

हुरडा_पार्टी: ताई कुकर चढवलाय. बेकिंग पावडर संपली, इनो चालेल?

कृष्णाकाठची: चालेल. लिंबाचा नको, साधा घे.

हुरडा_पार्टी: लिंबाचाच पडला 😐