चंद्रपूरचं जटपुरा गेट पाडा म्हणणाऱ्यांना उत्तर

झरपटकाठ:
काल इथं एकानं लिहिलं, "५०० वर्षांच्या दगडांपायी रोज ट्रॅफिकमध्ये काहून अडकायचं? जटपुरा गेट पाडा." रात्रभर डोक्यातून गेलं नाही. गोंडराजा खांडक्या बल्लाळशहानं पाया घातलेल्या परकोटाचा, म्हणजे शहराभोवतीच्या तटाचा, दरवाजा आहे हा. तट साधारण ११ किलोमीटर, ४ दरवाजे, ५ खिडक्या म्हणजे छोटे दरवाजे. दरवाज्यावरचा हत्तीवर चढलेला सिंह कधी मान वर करून पाहिला का? २०१७ मध्ये ईको-प्रो या इथल्या पर्यावरण संस्थेची पोरं बुरुज साफ करत होती, तेव्हा महिनाभर पहाटे मीही जात होतो. फटीतली पिंपळाची मुळं मनगटाएवढी. एक मूळ ओढलं तर अख्खा दगड हलला. तेव्हापासून तो कोट मला घरचा वाटतो.

नागपूररोड:
भावना ठीक आहे. पण अँब्युलन्स गेटमध्ये अडकते तेव्हा सिंह बघायचा का? बायपास द्या, मग बोला.

झरपटकाठ:
मग बायपास मागा ना! गेट कशाला पाडता?

बिनबावाला:
तुम्ही गेटवर भांडा. मी परकोटापासून १०० मीटरच्या आत राहतो. घराला वीट लावायची तर जुन्या वास्तू जपायच्या दिल्लीच्या कायद्याला विचारा. गोंडराजानं भिंत बांधली, कैद आम्हाला.

इतिहासवेडा:
चुकीचं सांगू नका. १६ जून १९९२ च्या आधीचं घर असेल तर दुरुस्तीची परवानगी मिळते.

बिनबावाला:
मिळते? आईचे गुडघे गेले होते, वरच्या मजल्यावरचा संडास जमत नव्हता. खाली एक बांधायचा होता. १४ महिने कागद फिरवले. परवानगी आली तेव्हा आई नव्हती. कायदा मला शिकवू नका.

पठाणपुऱ्याची_लेक:
दादा, वाचून वाईट वाटलं. पण इरई नदी चढते तेव्हा पठाणपुरा गेटबाहेर पाणीच पाणी असतं. माझी आजी कोटाला हात लावून नमस्कार करायची, "यानं राखलं" म्हणायची. नियम सोपे करा, भिंतीवर राग नको.

बिनबावाला:
भिंतीवर राग नाही. लहानपणी विठोबा खिडकीतूनच नदीवर जायचो. गेट पाडा असं मी म्हटलं नाही, म्हणणारही नाही. पण "वारसा, वारसा" करणारे सगळे कोटापासून लांब राहतात, हे खोटं आहे का?

झरपटकाठ:
खोटं नाही. मीही कोटाबाहेर, तुकूमला राहतो. नियमाविरुद्ध अर्ज करणार असाल तर माझी सही घ्या. जटपुऱ्याला मात्र हात लावू देणार नाही.

बिनबावाला:
सही राहू द्या. आधी घरी येऊन आईला चढावा लागायचा तो जिना बघा.