इंजिन फ्लश (आतला गाळ सोडवणारं लिक्विड) टाकू की आधी चेंबर (इंजिनाखालचं ऑइलचं भांडं) खोलू?

मंडळी, मदत हवी आहे. 2013 ची टर्बो डिझेल हॅचबॅक, दीड लाखाच्या पुढे पळालेली. सेकंडहँड घेतलीय, जुन्या सर्व्हिसची नोंद नाही. ऑइलचं झाकण उघडलं की आतून काकवीसारखा काळा गाळ बोटाला लागतो. डिझेलमध्ये ऑइल काळं पडणारच, पण हा प्रकार वेगळा आहे.

ऑइल-फिल्टर बदलून झालं, ग्रेड मॅन्युअलप्रमाणेच. गाळ तसाच. ऑइलचा दिवा लागत नाही, धूर नाही, ऑइल कमी होत नाही, कूलंटवर तवंग नाही. फक्त सकाळी स्टार्ट केल्यावर क्षणभर खडखड.

जालन्यातला मिस्त्री म्हणतो, जुन्या ऑइलात फ्लशची बाटली ओता, दहा-पंधरा मिनिटं आयडलवर ठेवा न् सगळं काढून टाका. दुसरा म्हणतो, गाळ सुटून चेंबरातल्या ऑइल ओढणाऱ्या जाळीत अडकला तर ऑइल न मिळून टर्बो गेलाच समजा. मला दुसऱ्याचं पटतंय, पण गाडी रोज संभाजीनगरला जाते, फार दिवस उभी ठेवता येत नाही. (डिझेल ओतून धुवायचा सल्ला कृपया नको.)

इतक्या पळालेल्या टर्बो डिझेलात ज्यांनी फ्लश वापरलाय, त्यांनी आधी चेंबर उतरवून जाळी साफ केली होती का? की नुसतं दोन-तीन हजार किलोमीटरला ऑइल बदलत राहिल्यानंच गाळ गेला?